ही पिन कसली? जुन्या यंत्रांचे अनोळखी कनेक्टर ओळखण्याची रीत

जुन्या यंत्राची जोडवायर मिळत नाही म्हणून तिचं टोक छाटू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण छाटून आणलेल्या वायरीला फार थोडी मदत करता येते. "ताई, असली पिन आहे का ओ?" असं विचारत गिऱ्हाईक काउंटरवर चार रंगीत वायरी ठेवतं. ज्या प्लास्टिकच्या तुकड्यावर अर्धं उत्तर लिहिलेलं होतं, तो घरी कचऱ्यात गेलेला असतो.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका आतल्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. घरातले टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर येतात, मंडळांचे साउंड येतात, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचे कॅमेरे येतात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, कंट्रोल कार्डं येतात. एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू हाताळताना एक गोष्ट पक्की कळली. कनेक्टरचा आकार फक्त काय बसेल ते सांगतो. आत काय वाहतंय ते यंत्राला विचारावं लागतं.

सुरुवात साफसफाईपासून करा. लूमवरून आलेल्या कनेक्टरवर कापसाची रुई आणि तेल यांचा थर बसलेला असतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो काढा, म्हणजे खालचे कोरीव आकडे दिसतात. मग भिंग आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून वाचा. पिनांशेजारचे १, २ किंवा ए, बी हे आकडे-अक्षरं इतकी बारीक असतात की समोरून उजेड पाडला तर दिसतच नाहीत. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. यंत्राच्या मागच्या पाटीचाही काढा.

त्यानंतर मेल-फीमेल, म्हणजे पिना आहेत की छिद्रं, ते बघा. वीज जिथून येते त्या बाजूला बहुधा छिद्रं असतात, म्हणजे उघड्या पिनेला कुणाचं बोट लागत नाही. संगणकाच्या मागे पिना असतात आणि कॉर्डच्या टोकाला छिद्रं, ते याच कारणानं. अनोळखी वायरीच्या टोकाला छिद्रं दिसली तर ती वीज आणणारी असू शकते असं धरूनच हात लावा.

आता मोजणी. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घ्या. कार्डावरच्या पांढऱ्या पट्टी-कनेक्टरला आपल्याकडे सरसकट रिलिमेट म्हणतात, पण त्या सगळ्यांचं माप एक नसतं. रिलिमेटच्या दोन पिनांतलं अंतर २.५४ मिमी. तसाच दिसणारा जेएसटी एक्सएच २.५ मिमीचा, पीएच २ मिमीचा आणि पॉवरसाठीचा व्हीएच ३.९६ मिमीचा. दोनच पिना मोजल्या तर २.५ आणि २.५४ मधला फरक हाताला कळणार नाही. म्हणून पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा. दहा पिनांचा असेल तर एकात २२.८६ मिमी येतील, दुसऱ्यात २२.५. हा फरक व्हर्नियर स्वच्छ दाखवतो. चार पिनांत चुकीचा कनेक्टर दाबून बसतोही, पण दहा पिनांत पिना वाकतात आणि कार्डाचा ट्रॅक उखडतो.

चपट्या एफआरसी केबलचं काम सोपं आहे. तारा मोजा. संगणकाच्या जगात ३४ म्हणजे फ्लॉपी, ४० म्हणजे आयडीई (हार्ड डिस्कची), ५० म्हणजे बहुतेक वेळा स्कझी (डिस्क, स्कॅनर जोडायची जुनी पद्धत). टॉवेलच्या लूमवरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये, म्हणजे नक्षी विणवणाऱ्या यंत्रात, डिझाइन फ्लॉपीवरून वाचलं जायचं, त्यामुळे ३४ तारांची केबल दिसली की कोडं निम्मं सुटतं. केबलच्या कडेची लाल रेघ म्हणजे एक नंबरची तार.

गोल डिन सॉकेटवर मात्र थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथं होतो. बाहेरचं पत्र्याचं कडं १३.२ मिमीचं, आत अर्धवर्तुळात पाच पिना. या १८० अंशांच्या मांडणीत क्रमांक ओळीनं येत नाहीत. एका टोकापासून १, ४, २, ५, ३ असे येतात, म्हणजे २ नंबर मधोमध. जुन्या युरोपियन टेपवर हा सॉकेट असेल तर २ म्हणजे ग्राउंड, ३ आणि ५ वर प्लेबॅकचे दोन चॅनेल, १ आणि ४ वर रेकॉर्डिंग. अगदी हाच सॉकेट एटी काळातल्या, म्हणजे जुन्या पीसीच्या, कीबोर्डला होता. तिथं १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड आणि ५ वर थेट ५ व्होल्ट. आणि हाच सॉकेट १९८३ साली आलेल्या मिडीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीला. तिथं काम ४ आणि ५ या दोन पिनांवर चालतं, २ ला शील्ड, १ आणि ३ रिकाम्या. तिन्ही ठिकाणी प्लग सारखाच बसतो. टेपची वायर म्हणून विकत घेतलेली वायर ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डला लावली आणि आवाज येत नाही, तर दोष वायरीचा नाही.

यातला कुठला, हे यंत्र उघडल्यावर कळतं. वीज काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि प्रत्येक पिनेचं टोक बॉडीशी जुळतं का बघा. मधली पिन वाजली तर ऑडिओची शक्यता मोठी. ४ नंबर वाजली तर संगणकाच्या कीबोर्डकडे बघा. सॉकेटच्या मागे कार्डावर ६एन१३८ नावाचा आठ पायांचा ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडे देणारी चिप) असेल तर तो मिडी इन.

पाच पिना अर्धवर्तुळापेक्षा पसरून बसल्या असतील तर ती २४० अंशांची वेगळी जात, तिच्यात हा प्लग घालू नका. एक चपटी पट्टी आणि एक गोल पिन असेल तर तो जुन्या स्पीकरचा डिन, त्यात गोंधळ होत नाही. आणि कडं ९.५ मिमीचं असेल तर तो मिनी-डिन: चार पिनांचा एस-व्हिडिओ, सहा पिनांचा माउस-कीबोर्डचा पीएस/२, जो १९८७ पासून आला.

कनेक्टरच्या मागची चिप वाचायची सवय लावून घ्या, माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. नऊ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर घ्या. संगणकाच्या मागे तो मेल असेल तर सिरियल पोर्ट. फीमेल असेल आणि संगणक फार जुना असेल तर तो मॉनिटरचा. लूमच्या किंवा पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) पॅनेलवर मात्र तो काहीही असू शकतो. झाकण काढा. जवळ मॅक्स२३२ चिप दिसली तर आरएस-२३२, म्हणजे संगणकासारखाच सिरियल, तिथं ५ नंबर ग्राउंड आणि २, ३ वर डेटा. ७५१७६ दिसली तर आरएस-४८५, म्हणजे कारखान्यात लांबवर डेटा नेणारी पद्धत. प्रोफीबस (त्याच पद्धतीवर चालणारं कारखान्यातलं नेटवर्क) असेल तर डेटा ३ आणि ८ वर असतो, आणि त्याच कनेक्टरमध्ये २४ व्होल्टसाठीही पिना राखलेल्या आहेत. तिथं संगणकाची सिरियल वायर आकार जुळतो म्हणून खोचू नये.

आरएस-२३२ मध्ये कुठल्या पिनेवरून डेटा बाहेर येतो हे बघायला एक सोपी युक्ती आहे. यंत्र चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब ग्राउंडला. काही पाठवत नसताना जी पिन ठळक ऋण व्होल्ट दाखवते ती त्या यंत्राची पाठवणारी पिन. दोन्हीकडे तीच पिन पाठवणारी निघाली तर २ आणि ३ उलटवलेली केबल लागते.

पंधरा पिना तीन ओळींत असतील तर व्हीजीए. त्यात नऊ नंबरची पिन नसली तर ती तुटलेली नाही, कित्येक केबलमध्ये मुळातच नसते. पंधरा पिना दोन ओळींत आणि मोठ्या कवचात असतील तर जुन्या साउंड कार्डाचा गेम पोर्ट. संगणकावर पंचवीसचा फीमेल म्हणजे प्रिंटर, मेल म्हणजे सिरियल.

कारखान्यातले जाड, आटे असलेले गोल धातूचे कनेक्टर बघून लोक घाबरतात, पण ओळखायला तेच सोपे, कारण नाव अंगावरच कोरलेलं असतं. समजा "एमएस ३१०६ ए १८-१० एस" असं आहे. ३१०६ म्हणजे वायरीला लावायचा सरळ प्लग. ३१०८ असता तर काटकोनी, ३१०२ असता तर पॅनेलवर बसणारा. १८ हे कवचाचं माप, इंचाच्या सोळाव्या भागांत, म्हणजे सव्वा इंचाला थोडं कमी, २८.६ मिमी. १० म्हणजे आतल्या पिनांची मांडणी, इथं चार. शेवटचा एस म्हणजे छिद्रं, पी असता तर पिना. सर्वो मोटरची पॉवर अशा चार पिनांतून जाते, आणि २०-२९ लिहिलेला सतरा पिनांचा बहुधा एन्कोडरचा, म्हणजे मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या भागाचा. पिनांना अक्षरं असतात, पण आय, ओ आणि क्यू वगळतात. आकड्यांशी गल्लत नको म्हणून. मोजताना एच नंतर थेट जे आला तर एक पिन हरवली असं समजू नका.

अ‍ॅडॉप्टरच्या गोल पिनेत दोन गोष्टी तपासा. बाहेरचा व्यास बहुतेक ५.५ मिमी असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.१ चा प्लग २.५ च्या सॉकेटात शिरत नाही. उलट केलं तर शिरतो, पण सैल राहतो आणि ठिणग्या पडतात. दुसरी गोष्ट ध्रुवता, म्हणजे प्लस कुठे आणि मायनस कुठे. मधला पॉझिटिव्ह असं गृहीत धरू नका. कॅसिओच्या कित्येक जुन्या कीबोर्डांत मधला निगेटिव्ह आहे. पाटीवरचं वर्तुळाचं चिन्ह पुसलं असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरची निगेटिव्ह पट्टी सॉकेटच्या कुठल्या पायाशी बीप देते ते बघा.

मंडळवाल्यांसाठी खास. पी-३८, म्हणजे ६.३५ मिमीचा जॅक, माइकलाही लागतो आणि स्पीकरलाही. तो कुठून आला ते वायर मागपर्यंत बघूनच ठरवा. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे स्क्रूच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम असतात आणि शेजारी ७० व १०० व्होल्ट. १०० व्होल्टची लाइन ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी असते. तिच्यावर ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर तो हिशेबानं १२५० वॅट मागतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, घाईगर्दीत वायरी जोडणाऱ्या पोरांना हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

कॅसेटच्या कॅमेऱ्यातलं लग्न संगणकात घ्यायचं असेल तर कॅमेऱ्यावरचं चार पिनांचं बारीक छिद्र बघा. ते मिनी यूएसबीसारखं दिसतं, पण असतं फायरवायर. सोनीवर आयलिंक लिहिलेलं असतं. संगणकाकडचा सहा पिनांचा प्लग उलटा रेटू नका, त्या सॉकेटात ३० व्होल्टपर्यंत वीज असू शकते.

काहीच जुळलं नाही तर यंत्र बंद करून, आतले मोठे कपॅसिटर रिकामे करून, ट्रॅक मागे शोधत जा. स्विचिंग सप्लायमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेलं असतं, त्यामुळे हे काम शिकलेल्या माणसासोबतच करा. ग्राउंड आधी शोधा. मग ७८०५ रेग्युलेटर (व्होल्ट स्थिर ठेवणारा तीन पायांचा भाग) दिसला तर त्याचा तिसरा पाय ५ व्होल्टचा, तो कुठल्या पिनेला जातो ते बघा. या दोन पिना कळल्या की उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

दुकानात येताना, किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात फोन करताना, "गोल, पाच पिनांची" एवढ्यावर काम होत नाही. पिनांची संख्या, मेल की फीमेल, दोन पिनांतलं अंतर, कवचाचा व्यास, अंगावरची अक्षरं आणि मागच्या चिपचा नंबर, एवढं कागदावर लिहून आणा. तरीही जुना प्लग मिळाला नाही आणि दोन्ही टोकांना नवा कनेक्टर बसवावाच लागला, तर जुना फेकू नका. पिशवीत घालून यंत्राच्या आतच बांधा. कुठल्या पिनेला कुठल्या रंगाची वायर होती, तो तक्ता तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.