ग्रे फॉक्सला ‘करडा कोल्हा’ म्हणू नका, आणि आणखी काही चुका

प्राण्यांवरचे मराठी अनुवाद तपासताना एक चूक मी इतक्यांदा खोडली आहे की आता सविस्तर लिहूनच टाकतो. ग्रे फॉक्स म्हणजे ‘करडा कोल्हा’ नव्हे. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल, लांडग्याचा भाऊबंद. फॉक्ससाठी आपल्याकडे खोकड हा चांगला शब्द आहे. कोशातला पहिला अर्थ उचलून पुढे पळणाऱ्यांना तो सापडत नाही.

मग ‘करडं खोकड’ चालेल? मुलांच्या एका माहितीपुस्तकात मी ते चालवून घेतलं होतं. मजकूर बरोबर होता: हा प्राणी झाडावर चढतो. चित्रकाराने नाव वाचलं, आपल्या माळावरचं खोकड हुबेहूब काढलं आणि फांदीवर बसवलं! आपलं खोकड बीळ करून राहणारं. झाडावर चढतो तो अमेरिका खंडातला ग्रे फॉक्स, आकड्यासारख्या नखांनी खोड धरून. छपाईच्या आदल्या दिवशी पान बदलावं लागलं. तेव्हापासून मी ‘ग्रे फॉक्स’च लिहितो आणि पहिल्याच वाक्यात ‘अमेरिकेतला, युरोसायन वंशाचा’ असं जोडतो. वाक्य जड होतं, होऊ दे.

दुसरी चूक: सगळे फॉक्स एकाच घरचे समजणं. फॉक्स हे नाव रूपावरून पडलं आहे: निमुळतं तोंड, झुपकेदार शेपूट, लहान चण. रेड फॉक्स आणि आपलं खोकड व्हल्पिस वंशातले. ग्रे फॉक्सची शाखा मात्र श्वानकुळात सर्वांत आधी फुटली. म्हणजे नात्याने पाहिलं तर रेड फॉक्सला ग्रे फॉक्सपेक्षा आपल्या गल्लीतलं कुत्रं जवळचं. दक्षिण अमेरिकेतल्या कल्पिओलाही फॉक्स म्हणतात, पण तोही लांडग्याच्या बाजूचा.

रेड आणि ग्रे यांचा संकर होतो, असं लिहू नका. गुणसूत्रंच अनुक्रमे ३४ आणि ६६.

कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवरचा छोटा आयलंड फॉक्स मात्र खरोखर ग्रे फॉक्सचा सख्खा.

रंगावरून ओळखायची घाई तर नकोच. ग्रे फॉक्सची मान, कानामागचा भाग आणि पाय तांबूस असतात. फोटोत तेवढं दिसलं की नवखे ‘रेड फॉक्स’ लिहून मोकळे होतात. मी आधी शेपटी बघतो. टोक पांढरं असेल तर रेड. काळं टोक आणि वरून काळा पट्टा असेल तर ग्रे. पण खोकडाच्याही शेपटीचं टोक काळंच असतं, म्हणून त्याही आधी मी विचारतो, फोटो काढला कुठे?