बुरशीच्या प्रसाराचा नकाशा काढताना या चुका टाळा

रोगकारक बुरशी कुठून आली, कुठवर पसरली, हे शोधताना सर्वांत महागात पडणारी चूक नमुने गोळा करतानाच होते. एकाच शेतातून पन्नास नमुने आणि दूरच्या पट्ट्यातून जेमतेम दोन आणले, तर नकाशावर बुरशीची वाटचाल उमटत नाही, आपलीच पायपीट उमटते. उत्तम सिक्वेन्सिंगनेही (डीएनएचा क्रम वाचण्यानेही) ती उणीव भरून निघत नाही.

दुसरी चूक जुनीच: जिथे प्रथम सापडली, तिथेच ती जन्मली असे मानणे. माणसांना संसर्ग करणाऱ्या कँडिडा ऑरिस या बुरशीचे पहिले वर्णन २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून झाले. पुढे जुने साठे तपासले, तेव्हा दक्षिण कोरियातल्या १९९६ च्या नमुन्यातही ती निघाली. जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचल्यावर तर दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा चार वेगळ्या शाखा दिसल्या. शाखाशाखांत हजारो फरक आणि एकाच शाखेतले नमुने मात्र जवळजवळ सारखे. म्हणजे जपानहून जगभर बाण काढणारा नकाशा मुळातच चुकला असता. बेडकांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचेही तेच झाले. बराच काळ संशय आफ्रिकेवर होता. २०१८ च्या जीनोम अभ्यासाने बोट कोरियन द्वीपकल्पाकडे दाखवले, कारण तिथल्या नमुन्यांत विविधता सर्वाधिक होती.

आता क्लोनचा, म्हणजे संकराविना वाढलेल्या हुबेहूब प्रतींचा घोळ, ज्यावर मला जास्त बोलायचे आहे. गव्हावरचा ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात दिसला, २०१६ मध्ये बांगलादेशात आणि २०१८ मध्ये झांबियात. बांगलादेश आणि झांबियातली बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या एकाच क्लोन-वंशाची, पण दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे पोहोचली. अशा वेळी शंभर नमुने म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराच्या शंभर प्रती. एका ठिकाणच्या एका जनुकप्रकाराचा (जनुकांच्या एकाच ठशाचा) एकच नमुना धरून विश्लेषण करा, आणि मूळ संचावरही करा. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. मूळ संच टाकून मात्र देऊ नका, कोणता प्रकार किती माजला हे त्यातच कळते. मुक्त संकर गृहीत धरणारे ‘स्ट्रक्चर’सारखे नमुन्यांचे गट पाडणारे सॉफ्टवेअर क्लोनच्या गर्दीवर चालवले, तर ते खोटे गट सहज पाडते.

विविधता कमी म्हणजे धोका कमी, असेही समजू नका. लैंगिक संकरासाठी दोन वेगळे संकरप्रकार (नर-मादीसारखे) लागतात. गव्हावरच्या ब्लास्टच्या या वंशात त्यांपैकी एकच आढळला आहे, पण प्रयोगशाळेत त्याचा आफ्रिकेतल्या नाचणीवरच्या ब्लास्टशी संकर झाला. म्हणून दोन्ही संकरप्रकारांची चाचणी सुरुवातीलाच करावी.

अगुणित बुरशीत (जिच्यात प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते) एकाच स्थानावर दोन अ‍ॅलील (जनुकाची वेगळी रूपे) दिसू लागली, तर नवा शोध लागला म्हणून हुरळू नका. बहुधा पानावरच्या एकाच डागात बुरशीचे दोन वाण होते. पुन्हा एकबीजाणू संवर्धन (एकाच बीजाणूपासून वाढवलेली बुरशी) करून तपासा. आयटीएस हा बुरशी ओळखण्यासाठी वापरला जाणारा डीएनएचा तुकडा प्रजाती ओळखायला बऱ्याचदा पुरतो, प्रजातीतल्या शाखा सोडवायला नाही. फ्युजॅरियम या बुरशीच्या गटात तर प्रजातीसाठीही अपुरा पडतो.

प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, यजमान पीक किंवा प्राणी आणि अक्षांश-रेखांश त्याच दिवशी लिहा. आणि संवर्धने (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) फेकू नका. कँडिडा ऑरिसचा १९९६ चा तो नमुना साठवलेला होता, म्हणूनच पुढे वाचता आला.