डेंगूचा डास गटारीत नाही, आपल्याच बॅरलमध्ये असतोय

पाऊस लागला की आमच्या गल्लीत सगळ्यांचं एकच गाणं, गटार तुंबलीय, नाल्याचा वास मारायलाय, कॉर्पोरेशनवाले फॉगिंगला येईनात, मग डास होणार नाहीत तर काय. मी पण तेच म्हणायचे. मागं भाच्याला डेंगू झाला, चार दिवस ॲडमिट होता, घरी आणल्यावर आशा आक्का, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या, आल्या तपासायला. त्यांनी गटारीकडं ढुंकून पण बघितलं नाही, सरळ परड्यात गेल्या, बॅरलवरची फळी बाजूला सारली अन् मोबाईलची बॅटरी मारली आत. "नोड्री वैनी, हे बघा." पाणी एकदम स्वच्छ, तळ दिसत होता, अन् वरती बारीक बारीक दोऱ्याच्या तुकड्यासारख्या अळ्या शेपटी वर डोकं खाली करून लटकलेल्या. उजेड पडला तसं सगळ्या वळवळत खाली पळाल्या. मला तर लाजेनं मान वर करवेना, रोज सकाळी त्यातलंच पाणी काढत होते मी.

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या, गटारीतला डास वेगळा. तो रात्री कानाशी गुणगुणतो, झोप खातो, त्यानं हत्तीरोग होऊ शकतो. डेंगू अन् चिकुनगुनियाचा डास काळा, पायावर पांढरे पट्टे, त्याला घाण पाणी सहसा आवडत नाही, साठवलेलं स्वच्छ पाणी पाहिजे, अन् तो दिवसा चावतोय, जास्त करून सकाळी अन् दिवस मावळायच्या आधी, ते पण टेबलाखाली पायाच्या घोट्याला. उडून लांब जात नाही, शंभर दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तो आपल्या घरातला नाहीतर शेजारच्या घरातला.

आता बेळगावात पाणी साठवू नका म्हणून कोण सांगणार. काही वॉर्डात चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांना चार दिवसांनी सहा दिवसांनी कधी येईल तेव्हा, त्यामुळं बॅरल, हंडे, घागरी, बाथरूममधला हौद, खाली संप म्हणजे जमिनीतली टाकी, वर सिंटेक्सची टाकी हे सगळं प्रत्येकाकडं असतंच. साठवा की, पण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा भांडं पूर्ण रिकामं झालंच पाहिजे. अन् नुसतं ओतून चालत नाही हो, हीच चूक मी वर्षानुवर्षं केली. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या कडेला चिकटवते, ती काळ्या ठिपक्यासारखी असतात, दिसत पण नाहीत, अन् सुकली तरी कित्येक महिने तशीच जिवंत राहतात, परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्या नाहीतर नारळाची शेंडी घेऊन आतनं गोल गोल घासायचं, कड जास्त, मग धुऊन शक्य असेल तर उन्हात पालथं घालायचं. आम्ही असं करतो, दोन बॅरल ठेवलेत, नळ यायच्या आदल्या दिवशी एकातलं उरलेलं पाणी भांडी, फरशी, झाडं यात संपवायचं, घासायचं, आठवडा उलटायच्या आत दुसरं पण. पाणी वाया जात नाही, सासूबाईंची कुरकुर पण नाही.

झाकण म्हणून नुसती फळी ठेवली तर फटीतनं डास आरामात आत जातो. जुन्या कॉटन साडीचा तुकडा दुहेरी करून तोंडावर ताणून बांधा अन् सायकलच्या ट्यूबचं रबर कापून घट्ट बसवा, नाडी सैल पडते. कापड मधोमध लोंबून पाण्याला टेकू देऊ नका, नाहीतर त्यावरच अंडी घालेल. संप अन् सिंटेक्सच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी, सेप्टिक टँकच्या वरच्या पाइपला पण. हौद रिकामा होतच नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, नाहीतर आशा आक्का जे औषध देतात ते त्या सांगतील तेवढंच घाला. रॉकेल, जळकं ऑइल गटारीत ठीक, वापरायच्या पाण्यात अजिबात नको.

मग लपलेल्या जागा. फ्रिजच्या मागचा ट्रे (आमच्याकडं तिथं पण सापडल्या!), कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, परड्यातलं दगडी उखळ, करवंट्या, कौलावर दाबून ठेवलेले जुने टायर, ताडपत्रीच्या सुरकुतीत साठलेलं पाणी, जनावराची दोण. स्लॅबवर बांधकामाचं पाणी मारायलेत तर तिथं पण बघा. २०२४ ला कर्नाटक सरकारनं डेंगूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं तेव्हा घरात अळ्या सापडल्या तर शहरात ४०० अन् खेड्यात २०० रुपये दंड ठेवला होता, तेव्हा शेजारच्या काकूंनी एका दिवसात सगळे टायर भंगारवाल्याला दिले.

फॉगिंगनं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही, त्यामुळं धूर झाला म्हणजे काम झालं असं नाही. कडुनिंबाचा पाला जाळायची आज्जीची पद्धत संध्याकाळी थोडी बरी, पण बाळाच्या खोलीत धूर नको, कॉइल पण नको. खिडक्यांना जाळी मारून घ्या, पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे, शाळेला जाताना पायाला ओडोमॉस, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काही लावू नका, त्याला दिवसा पण मच्छरदाणीतच झोपवा.

घरात कोणाला ताप आला तर त्याला पहिल्यांदा मच्छरदाणीत घाला, दिवसाढवळ्या सुद्धा. ताप असताना त्याला चावलेला डास साधारण आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ शकतो, एका घरात एकामागनं एक का पडतात ते यामुळंच. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, ब्रुफेन, दुखण्याची इंजेक्शनं मागू नका, रक्तस्राव वाढतो. ताक, शहाळं, ओआरएस, नाचणीची आंबील थोडं थोडं देत राहा. डेंगू आहे का बघायला रक्ताची टेस्ट, पहिल्या पाच दिवसांत एनएस१ नावाची, त्यानंतर आयजीएम नावाची. फोनवर सगळे एकच विचारतात, प्लेटलेट किती, अन् प्लेटलेट वाढतील म्हणून सगळे किवी घेतात, तिचा भाव चढतो, पण खरा धोका ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत असतोय. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातनं नाकातनं रक्त, हातपाय गार, लघवी कमी, पेशंट सुस्त नाहीतर बेचैन, यातलं एक जरी दिसलं तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघत बसू नका, लगेच ॲडमिट करा. एकदा झाला म्हणजे परत होत नाही असं पण नाही, डेंगूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा जास्त जोरात येऊ शकतो.

अन् गणपतीला नाहीतर जत्रेला आठ-दहा दिवस गावाला जायलाय तर कुलूप लावायच्या आधी हंडे पालथे, फ्रिजचा ट्रे कोरडा, कमोडचं झाकण खाली, बाथरूमच्या जाळीवर फरशीचा तुकडा. आमचं हे गेल्या वर्षी राहिलं होतं, परत आलो तर बाथरूमचं दार उघडल्या उघडल्या डासांनीच स्वागत केलं.