दुकान सुचवतं ते गेम नको असतील तर

मला आवडतात ते तपासाचे गेम. मारामारी नाही, शर्यत नाही. समोर पुरावे पसरलेले असतात आणि नेमकं काय घडलं ते आपणच जुळवायचं. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा त्यातला माझा सगळ्यात लाडका. २०१८ सालचा, लुकस पोपचा. बेपत्ता झालेलं जहाज परत येतं तेव्हा त्यावर जिवंत कोणीच नसतं. जहाजावरच्या ६० जणांची नावं आणि प्रत्येकाचं काय झालं, हे शोधून आपण वहीत भरायचं.

हा गेम संपवल्यावर मी जिथून गेम घेते त्या दुकानाने मला काय सुचवावं? चाच्यांची जहाजं. मग तोफांच्या लढाया. त्याखाली भुताटकीचे दोन-तीन गेम, कारण त्यांची चित्रं काळी-पांढरी आणि ओब्रा डिनचीही काळी-पांढरी. आता मला त्या गेममध्ये जहाज आवडलं होतं का? अजिबात नाही. आवडलं ते हे, की तुमचं उत्तर बरोबर की चूक ते गेम लगेच सांगतच नाही. तीन जणांचा निकाल अगदी अचूक भरला की मगच तो शिक्का मारतो, तोवर गप्प. त्यामुळे नुसते अंदाज फेकून निभावत नाही, खरंच विचार करावा लागतो. ही गोष्ट कुठल्याच टॅगमध्ये, म्हणजे गेमला चिकटवलेल्या लेबलात, बसत नाही. जहाज मात्र बसतं.

म्हणून शिफारशींवर चिडण्याआधी त्या कुठून येतात ते बघावं, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळतं. मी उदाहरणं स्टीमची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाची देते, कारण त्यातल्या त्यात सगळ्यात जास्त बटणं तिथेच आहेत.

शिफारस येते कुठून

मुख्य वाटा दोन. पहिली टॅगची. स्टीमवर २०१४ पासून खेळणारेच गेमला टॅग लावू शकतात: 'मिस्टरी', 'पझल', 'हॉरर' वगैरे. तुम्ही खेळलेल्या गेमचे टॅग आणि नव्या गेमचे टॅग जुळले की तो तुमच्यासमोर येतो. दुसरी वाट गर्दीची. तुमच्यासारखं खेळणाऱ्यांनी आणखी काय खेळलं, ते तुम्हाला दाखवायचं. स्टीमचा 'इंटरॅक्टिव्ह रेकमेंडर' २०१९ मध्ये स्टीम लॅब्समधून, म्हणजे स्टीमच्या प्रयोगांच्या विभागातून, आला तो असा. गेम निवडताना तो टॅग बघत नाही, कोण काय आणि किती खेळलं हे बघतो.

दोन्ही वाटांची खोट वेगळी आहे. टॅगला वरवरचं साम्य दिसतं, म्हणून चाचे येतात. गर्दीच्या वाटेत मोठ्या नावांचे गेम जवळजवळ सगळ्यांच्याच इतिहासात असतात, म्हणून ते फिरून फिरून वर येतात.

आणि तासांचा घोळ तर खासच. ओब्रा डिन आठ-दहा तासांत संपतो, आणि उत्तरं कळल्यावर पुन्हा खेळण्यात राम नाही. 'स्टारड्यू व्हॅली'सारखा शेतीचा गेम शेकडो तास चालतो. आता दोन्हींचे तास शेजारी ठेवा आणि बाहेरच्या माणसाला विचारा, हिला काय आवडतं? दवाखान्यात तासभर ताटकळलो म्हणून आपल्याला दवाखाना आवडतो असं कोणी म्हणत नाही, पण गेमच्या हिशोबात नेमकं तेच होऊन बसतं.

आधी आपला इतिहास साफ

गेम पॉज करून उठू नका, बंद करून उठा. पडद्यावर मेनू उघडा असला तरी तास मोजले जातातच. ट्रेडिंग कार्डं (गेम चालू असताना स्टीमवर मिळणारी, गोळा करायची डिजिटल कार्डं) मिळवण्यासाठी गेम नुसता चालू ठेवून जाणारेही आहेत. त्यांनी मग शिफारशींबद्दल फार बोलू नये.

दुसरं, आपलं खातं दुसऱ्याला खेळायला देऊ नका. माझा भाचा सुट्टीत येतो आणि बंदुकांचे गेम खेळतो. खेळू दे की, पण त्याच्या खात्यावर. सप्टेंबर २०२४ पासून 'स्टीम फॅमिलीज' आहे. एका घरातले सहा जण त्यात येऊ शकतात. गेम एकमेकांचे वापरता येतात, पण प्रत्येकाचं खातं वेगळं, सेव्ह (गेममध्ये जिथवर पोचलो त्याची नोंद) वेगळे, तास वेगळे. एकच प्रत दोघांना एका वेळी खेळता येत नाही, तेवढं भांडण घरात होणार. एक अट मात्र मुलांना बसवून सांगा: तुमच्या प्रतीवर खेळताना त्यांनी चीटिंग केलं आणि बंदी आली, तर त्या गेमपुरती ती तुमच्यावरही येते.

'इग्नोर' नीट वापरायचं

बहुतेक जण नको असलेला गेम दिसला की नुसते पुढे सरकतात. असं न करता त्या गेमच्या पानावर जा. विशलिस्टच्या बटणाच्या ओळीतच 'इग्नोर' आहे, ते दाबा. त्याच्या शेजारी एक छोटासा बाण असतो, तो बऱ्याच जणांच्या नजरेतच येत नाही. तो उघडला की दुसरा पर्याय मिळतो, 'प्लेड ऑन अनदर प्लॅटफॉर्म', म्हणजे हा गेम मी दुसरीकडे खेळले आहे.

या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा, 'आउटर वाइल्ड्स' हा गेम तुम्ही प्लेस्टेशन या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, संपवलात आणि तो तुम्हाला जिवापाड आवडला. स्टीमला ते ठाऊक नसतं, म्हणून तो सुचवत राहतो. वैतागून साधं इग्नोर दाबलंत तर स्टीमच्या लेखी तुम्हाला त्यात रस नाही. दुसरा पर्याय निवडलात तर तो डोळ्यांसमोरून जातो, आणि तुम्ही तो खेळला आहात ही माहिती शिफारशींच्या कामी येते. कन्सोलवरून कॉम्प्युटरवर आलेल्यांनी पहिल्या दिवशी हेच काम उरकावं. आपण खेळलेले मोठे गेम शोधायचे आणि एकेकाला हा शिक्का मारायचा. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो.

एखादी कंपनी एकाच साच्याचे गेम पाडत सुटली असेल तर कंपनीच इग्नोर करता येते. तिच्या पानावर गिअरसारखं चिन्ह असतं, त्यात पर्याय मिळतो.

प्रेफरन्सेसमध्ये हात आखडता

वर उजवीकडे आपल्या नावावर क्लिक केलं की स्टोअरच्या प्रेफरन्सेस मिळतात. तिथे नको असलेले टॅग घालता येतात आणि अर्ली अॅक्सेस (पूर्ण होण्याआधीच विकायला आलेले गेम), व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचे) असे प्रकारही कमी करता येतात. अर्ली अॅक्सेस मी बंदच ठेवते. अर्धवट लिहिलेलं रहस्य कोणाला हवंय?

टॅगच्या बाबतीत मात्र सावध राहा. टॅग खेळणारे लावतात, आणि खेळणाऱ्यांचा हात सैल असतो. जरा अंधारी खोली दिसली की लावला 'हॉरर'. तुम्ही हॉरर टाळलंत तर भुतांबरोबर काही चांगली रहस्यंही जातील. म्हणून रुंद टॅग काढू नका, अरुंद काढा. बंदुका नको असतील तर 'अॅक्शन' न काढता 'बॅटल रॉयल' (शेवटचा एकच उरेपर्यंत सगळ्यांनी लढायचे गेम) काढा.

स्लायडरची करामत

इंटरॅक्टिव्ह रेकमेंडरचं पान उघडलं की दोन स्लायडर दिसतात. एक लोकप्रियतेचा: एका टोकाला सगळ्यांना माहीत असलेले गेम, दुसऱ्या टोकाला कोणी न ऐकलेले. दुसरा काळाचा: किती जुने गेम चालतील. खाली टॅगची गाळणीही आहे.

पहिला स्लायडर मी अनोळखी गेमच्या बाजूला सरकवते, पण टोकाला नेत नाही. टोकाला जे मिळतं ते सगळंच हिऱ्यासारखं नसतं. २०१७ मध्ये स्टीमने 'ग्रीनलाइट' (खेळणाऱ्यांच्या मतांवर गेम दुकानात घेण्याची पद्धत) बंद करून 'स्टीम डायरेक्ट' आणलं. तेव्हापासून गेममागे १०० डॉलर भरले की, जुजबी तपासणीनंतर, कोणालाही गेम विकायला ठेवता येतो. नुसत्या २०२४ मध्ये १८ हजारांवर नवे गेम आले, म्हणजे रोज सरासरी ५० च्या आसपास. तळाला काय साठलं असेल ते तुम्हीच ओळखा. काळाचा स्लायडर मागे न्यायला मात्र घाबरू नका. तपासाचे गेम शिळे होत नाहीत. 'हर स्टोरी' २०१५ चा आहे, आजही तितकाच ताजा वाटतो.

दुकानाला वळसा

इतकं करूनही मला खरे आवडलेले गेम बहुतेक याच वाटेने सापडले: नाखूश लोकांच्या तक्रारी वाचून.

आधी टक्क्यांबद्दल. स्टीमवरचे ९५ टक्के म्हणजे गेमला शंभरात ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ जणांनी अंगठा वर केला, इतकाच त्याचा अर्थ. 'बरा आहे' म्हणणारा आणि 'आयुष्य बदललं' म्हणणारा, दोघांचा अंगठा सारखाच. सगळ्यांना थोडा थोडा आवडणारा गेम त्यामुळे वर जातो. काहींना भयंकर आवडणारा आणि काहींना मुळीच न झेपणारा गेम ७५ वर अडकतो. माझे बरेच गेम त्या पंच्याहत्तरीतलेच.

तेव्हा परीक्षणांच्या गाळणीत फक्त नकारात्मक निवडा. शेजारीच खेळलेल्या तासांची मर्यादाही घालता येते. किमान दोनेक तास खेळलेल्यांचीच वाचा, म्हणजे दहा मिनिटांत पळालेले गळतात. आता तक्रार काय आहे ते बघा. 'गेम काहीच सांगत नाही', 'कागद-पेन घेऊन बसावं लागलं', 'नुसतं वाचायचंच आहे' अशा तक्रारी दिसल्या की मी तो गेम विशलिस्टमध्ये टाकते. दुसऱ्याची कुरकुर हीच माझी शिफारस. उलट 'मध्येच बंद पडतो', 'सेव्ह उडाला', 'शेवट गुंडाळलाय' असं वारंवार येत असेल तर कितीही अंगठे वर असोत, मी हात लावत नाही.

तुमची आवड वेगळी असेल तर तुमची कुरकुरही वेगळी असेल. आपल्या आवडत्या गेमच्या पानावर जाऊन लोक त्याला कशासाठी शिव्या देतात ते वाचा, ते शब्द टिपून ठेवा आणि नव्या गेमच्या तक्रारींत तेच शब्द शोधा.

दुसरी वाट माणसांची. गेम आवडला की तो कोणी केला ते बघा आणि त्यांचं पान फॉलो करा. ओब्रा डिनवाल्या पोपचा आधीचा गेम २०१३ चा 'पेपर्स, प्लीज'. त्यात सीमेवरच्या चौकीत बसून लोकांचे कागद तपासायचे असतात. टॅगने बघितलं तर जहाजाशी काडीचा संबंध नाही. पण दोन कागदांतली विसंगती पकडताना डोकं जसं चालतं, तीच गंमत. शिफारशींच्या भरवशावर राहिले असते तर जहाजावरून त्या चौकीत पोचलेच नसते.

फोन आणि कन्सोल

इथे बटणं कमी. फोनवर शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या गेमला जाहिरातीची खूण आहे का ते आधी बघा. असेल तर ती शिफारस नाही, पैसे मोजून घेतलेली जागा आहे. आयफोनवर अॅप स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून आत गेलं की वैयक्तिक शिफारशी बंद करता येतात. जाहिरातींचं वेगळं बटण फोनच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसीखाली अॅपल अॅडव्हर्टायझिंगमध्ये आहे. कन्सोलवर मी शोधाशोध करतच नाही. गेम दुसरीकडे शोधायचा, नाव घेऊन कन्सोलच्या दुकानात जायचं आणि बाहेर यायचं.

घेण्याआधी

डेमो, म्हणजे गेमचा चाखायला दिलेला छोटा भाग, असेल तर आधी डेमोच खेळा. स्टीमवर 'नेक्स्ट फेस्ट' वर्षातून तीनदा भरतो, सहसा फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. त्यात येऊ घातलेल्या गेमचे शेकडो डेमो फुकट मिळतात. डेमो नसेल तर परताव्याचा नियम लक्षात ठेवा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी. म्हणजे गेम सेलमध्ये घेऊन महिनाभर तसाच ठेवलात तर एक मिनिटही न खेळता मुदत संपलेली असते. रिकामी संध्याकाळ असेल तेव्हाच पैसे भरा. छोट्या गेमच्या बाबतीत माझा एक नियम आहे: तीन तासांचा गेम असेल तर पाऊण तासात ठरवायचं, ठेवायचा की परत करायचा. एक तास पन्नास मिनिटं खेळून, रहस्याचा निम्म्याहून जास्त भाग उलगडून मग पैसे परत मागणं नियमात बसतं, पण एकट्यादुकट्याने केलेल्या गेमच्या बाबतीत मला ते पटत नाही.