दोन अकूस्टिक गिटारांवर सर्फ वाजवण्याआधी

दोन गिटार, केबल, ट्यूनर, स्ट्रॅप, एक्स्टेन्शन बोर्ड. हे कुणी विसरत नाही, पुढे जाऊ. साउंडहोलची, म्हणजे गिटारच्या गोल भोकाची, रबरी झाकणं घेतलीत का? दोन गिटार आहेत, तर झाकणंही दोनच हवीत.

ती आधी लिहिली, कारण सर्फ म्हणजे साठच्या दशकातलं गिटारचं संगीत, आणि त्याचा आवाज स्प्रिंग रिव्हर्बवर, म्हणजे स्प्रिंगमधून काढलेल्या घुमाऱ्यावर, उभा आहे. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये रिव्हर्बचा वेगळा डबा काढला आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वादकांनी त्यालाच या संगीताची ओळख करून टाकलं. ते सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते, तुमच्या पोकळ आहेत. ड्रेडनॉटच्या (मोठ्या आकाराच्या अकूस्टिक गिटारच्या) पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि पाचवी मोकळी तार आहे ११० हर्ट्झची. तो सूर मॉनिटरमधून (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) परत गिटारच्या पोटात शिरतो, रिव्हर्ब त्याला मरू देत नाही आणि हॉलभर भोंगा सुरू होतो. मिक्सरवर खालच्या फ्रीक्वेन्सी कापून भोंगा थांबतो खरा, पण सोबत खालच्या तारांची गुरगुरही जाते. ती गेली तर सर्फ वाजवायचं कशाला? म्हणून झाकण. घेण्याआधी भोक मोजा: स्टीलच्या तारांच्या गिटारचं बहुधा ४ इंच, नायलॉनवाल्या गिटारचं त्याहून लहान. भोकाच्या आतल्या कडेला व्हॉल्यूमची चकती असेल तर झाकण अडतं, म्हणून घरीच बसवून बघा.

तारा १२-५३च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्याहून बारीक तार सलग आघातांखाली डगमगते आणि सूर वर चढतो. तारा कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी बदला, त्याच दिवशी मुळीच नको. ताज्या तारा उतरत राहतात, शिवाय स्लाइड घेताना बोटांची किरकिर होते आणि रिव्हर्ब तीही लांबवतो. पिक १ मिलिमीटर किंवा जाड, प्रत्येकी चार तरी. गुंडाळलेल्या तारेवर पिकचं टोक घासून बोथट होतं आणि आघात अस्पष्ट येतात.

आता वाटणी. यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवा. दोघंही मधल्या तारांवर खेळलात तर नुसता चिखल होतो. सर्फ गिटारवादक डिक डेलने १९६२ मध्ये गाजवलेलं ‘मिसिरलू’ घ्या. मूळ चाल पूर्व भूमध्य भागातली, तिची मुख्य ओळ सहाव्या तारेवर. म्हणजे जोडीदाराने खाली फिरकायचंच नाही. वरच्या सुरांच्या तीन तारांवर (पहिली ते तिसरी), चौथ्या फ्रेटजवळचा ई कॉर्ड, तुटक. ‘ई’ला षड्ज धरलात तर त्या ओळीचे सूर भैरवाचे निघतात, त्यामुळे आपल्या कानाला ती पटकन सापडते. पण रिषभ-धैवतावर आंदोलन घेऊ नका, इथे सूर सरळच हवा. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेला चार आघात म्हणजे सेकंदाला दहाहून जास्त. कोपरातून जोर लावलात तर हात अर्ध्यातच भरून येतो, मनगट सैल ठेवा. १२०पासून चारचाराने वाढवा. घाई केली की वरचा आघात पोकळ पडतो.

ड्रमर नाही, तेव्हा साथीची गिटार हाच ड्रमर. सर्फचा ठेका ‘एक, दोन-आणि, तीन, चार’: एक आणि तीनवर तारा पाम म्यूट करून (उजव्या तळहाताची कड टेकवून), ‘दोन-आणि’ व चारवर डाव्या हाताने तारा दाबून कोरडा फटका. गिटारच्या लाकडावर थापा मारू नका. पिकअप ब्रिजखालचा पिएझो (कंपन पकडणारा सेन्सर) असेल तर प्रत्येक थाप स्पीकरमधून बंदुकीसारखी फुटते. ट्रेमोलो आर्म (सूर हलवणारा दांडा) नाही, त्याचं काम डाव्या हाताच्या कंपनावर आणि अर्ध्या सुराच्या स्लाइडवर भागवा.

रिव्हर्ब फक्त मुख्य गिटारला, साथ जवळजवळ कोरडी. दोन्हींवर ओतलात तर ठेका विरघळतो. रिव्हर्बचं पेडल अडॅप्टरवर चालवा, बॅटरीवर नको. साउंडवाल्याला आधीच सांगा की मिक्सरवरचा त्याचा रिव्हर्ब बंद ठेव. हे न सांगता सुटतं आणि मग समोर नुसता गलका ऐकू येतो.

गिटारच्या प्रीअँपमध्ये (आत बसवलेल्या आवाज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) नव्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, वर एक जास्तीची.

साउंडचेक: झाकणं बसवा, मग मॉनिटर वाढवा. उलट केलंत तर साउंडवाला आधीच खालचा आवाज कापून मोकळा होतो आणि नंतर तो परत देत नाही. झाकणं गिटारच्या बॅगेतच ठेवा, पेडलच्या पिशवीत नकोत. ती पिशवी गाडीत राहते.

क्रम: जलद, मध्यम, जलद, ‘मिसिरलू’ शेवटाकडे, पण शेवटचं नको, कारण त्यानंतर हात थरथरतो. मधे ट्यूनिंगला अर्धा मिनिट. संपलं की केबल गिटारमधून काढा, आत खुपसलेली राहिली की बॅटरी रात्रभर उतरत राहते.