बीएस्सीला मॅथ्स आणि स्टॅट्स घेतलंय? मग अभ्यास असा करा

एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, मला ॲनालिसिसमध्ये केटी लागली, विषय राहिला. पिंपळगावहून रोज एसटीने नाशिकला यायचे. सीबीएस स्टँड येईपर्यंत तासभर प्रूफं पाठ करत बसायचे, त्यामुळे अभ्यास झालाय याची खात्री होती. पेपरात विचारलं होतं: ओपन इंटरव्हल (०, १) वरचं प्रत्येक कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं का, म्हणजे त्याच्या किमती ठरावीक मर्यादेतच राहतात का? वहीत होतं ते क्लोज्ड इंटरव्हलचं प्रमेय: दोन्ही टोकं धरलेल्या (क्लोज्ड) आणि बाउंडेड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं. मी ते पाठ केलेलं प्रूफ शेवटच्या ओळीपर्यंत जसंच्या तसं उतरवलं. आणि १/x हे साधं फंक्शन शून्याजवळ वर वर जातच राहतं, हे मला सुचलंही नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, तीच तुम्हाला सांगते. प्रमेय वाचलं की प्रूफकडे लगेच वळू नका. त्यातल्या अटी वेगवेगळ्या ओळींवर लिहा. मग एक अट पेन्सिलीने खोडा आणि प्रमेय कुठे मोडतं ते शोधा. क्लोज्ड खोडलं की १/x सापडतं. बाउंडेड इंटरव्हल ही अट खोडली की f(x) = x पुरतं. कंटिन्युअस खोडलं तर काय होईल, ते आज स्वतः शोधा. उदाहरण हाती लागलं की मग प्रूफ वाचा, आणि खोडलेली अट नेमकी कुठल्या ओळीत कामाला येते तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा. अडलात तर फक्त तेवढी ओळ उघडून बघा. एका प्रमेयाला दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एप्सिलॉन-डेल्टाची (f(x) मधला फरक एप्सिलॉनहून कमी राहावा म्हणून x मधला फरक डेल्टाहून कमी ठेवायचा, या व्याख्येची) भीती वाटते. मलाही वाटायची. पण अडचण इंग्रजीची कमी आणि शब्दांच्या क्रमाची जास्त असते. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एक अशी किल्ली आहे की जी प्रत्येक कुलपाला लागते’ ही दोन वाक्यं घरात कुणालाही ऐकवा, फरक लगेच कळेल. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांच्यातही हाच फरक आहे. पहिलीत प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा चालतो, दुसरीत सगळ्यांना मिळून एकच लागतो. x² घ्या. n आणि n + १/n यांच्यातलं अंतर n वाढेल तसं शून्याकडे जातं, पण वर्गांमधला फरक २ + १/n² येतो, म्हणजे कायम दोनापेक्षा जास्त. म्हणून सगळ्या संख्यारेषेवर एकच किल्ली मिळत नाही. व्याख्या आधी अशी मराठीत बोलून बघा, मग चिन्हांत लिहा. परीक्षेत इंग्रजीच लिहायचं आहे, पण समजायला आपली भाषा घ्यायला संकोच कशाला?

स्टॅट्सचं मात्र वेगळं आहे. तिथे स्वतःच्या हाताने गोळा केलेले आकडे हवेत. जर्नलमधली तयार टेबलं उतरवून प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात, पण सॅम्पलिंग कळत नाही. मला ते आमच्या कांद्याच्या चाळीत कळलं.

चाळीतून ३० कांदे घ्या, प्रत्येकावर मार्करने नंबर टाका, डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. आता त्यातले ५ काढून सरासरी घ्या. मी आधी हातानेच उचलले आणि सरासरी दर वेळी जास्तच येत राहिली. हात आपोआप मोठ्या कांद्याकडे जातो! मग १ ते ३० च्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठी काढायची, नंबर लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची. असं पाच वेळा केलं की एक सॅम्पल झालं. अशी वीस सॅम्पल काढा. वीस सरासऱ्या ओळीने मांडल्या की दिसेल, कांद्यांची वजनं जेवढी पसरली आहेत त्याच्या निम्म्याहून कमी पसारा सरासऱ्यांचा असतो. सूत्र सांगतं की वजनांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला (पसाऱ्याच्या मापाला) √५ ने, म्हणजे साधारण २.२४ ने भागा. वीसच सॅम्पलमध्ये आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण जवळपास येईल. मग हेच आर (R) या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा हजार वेळा करा. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

सॅम्पलवरून व्हेरियन्सचा (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गाचा) अंदाज काढताना n ऐवजी n − १ ने का भागायचं, हेही असंच छोट्या आकड्यांवर बघा. २, ४, ९ यांची सरासरी ५. फरक −३, −१, ४. बेरीज शून्य. पहिले दोन फरक सांगितले की तिसरा आपोआप ठरतो, म्हणजे मोकळे दोनच. फरकांच्या वर्गांची बेरीज २६, आणि व्हेरियन्सचा अंदाज २६/२ = १३. हे झालं की पुढची सिद्धता परकी वाटत नाही.

कंटाळा आला तर ६१७४ करून बघा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली ही संख्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा करत राहा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात पायऱ्यांत पोहोचता. आपल्याच नाशिकच्या एका शाळामास्तरांनी वही-पेन घेऊन हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

एमएस्सीसाठी आयआयटीत जायचं असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिक्स आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स असे दोन वेगळे पेपर आहेत. टीवायच्या सुरुवातीलाच दोन्हींचे जुने पेपर एकेकदा घड्याळ लावून सोडवा आणि कुठला आपला ते ठरवा. अटी खोडण्याची वही तोवर अर्धी भरलेली असेल, तीच सोबत ठेवा.