टी-कोझी घालूनही चहा कडू? या चुका टाळा

किटलीला ऊब देणारी टोपी, म्हणजे कोझी, विणली, फोटोला लाइक्स पडले, आणि चहा झाला काढा. मग मला मेसेज, "ताई, टोपी घातली तरी कडू का लागतो?" अगं, टोपी घातली म्हणूनच!

कोझी ही मुळात ब्रिटिशांची गरज. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाने दुपारच्या चहाची टूम काढली, पुढे गप्पा लांबल्या की किटली गार व्हायची, म्हणून 1860 च्या दशकापर्यंत तिच्यावर ही छोटी रजई आली. पण आत पत्ती तशीच ठेवलीत तर त्या उबेत ती मुरतच राहते आणि सगळा तुरटपणा पाण्यात उतरतो. मी काळा चहा चार मिनिटं मुरवते, दुसऱ्या गरम किटलीत गाळते आणि मगच कोझी. दोन किटल्या विसळायचा कंटाळा असेल तर कोझी शोकेसमध्ये शोभेल.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. कुणीतरी चीनमधल्या हांगझोऊचा लाँगजिंग आणून दिला होता, इतका भारी ग्रीन टी, आणि मी वरून उकळतं पाणी ओतलं, भरतकामवाली कोझी चढवली, पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले पाऊण तास. उघडलं तर शिजलेल्या पालकाचा वास! सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त साखर मागितली, दोनदा. आता 80 डिग्रीचं पाणी, साधा काचेचा ग्लास, वर काही नाही.

चीनमधल्याच यिशिंगच्या मातीच्या चिमुकल्या किटलीलाही कोझी घालू नका. जेमतेम 100-150 मिली चहा, दहा-वीस सेकंदांत पूर्ण ओतून मोकळा, मग ऊब द्यायची कुणाला? तिकडचे लोक किटलीवर बाहेरून गरम पाणी ओततात. मोठ्या किटलीसाठी चीनमध्येही आतून गादी लावलेली वेताची टोपली असायचीच, पण ते दिवसभर घोट घोट पिण्यासाठी. आणि हो, यिशिंगला साबण लावू नका. प्लीज.

आता विणणाऱ्यांसाठी. स्वस्त अ‍ॅक्रिलिक गॅसजवळ वितळतं, लोकर घ्या. अस्तर हवंच, मी जुन्या गोधडीचा तुकडा लावते. माप घेताना दांडा आणि तोटी धरून घ्या, नाहीतर टोपी अर्ध्यावर अडकते. वरचा गोंडा दुहेरी दोऱ्याने शिवा, कितीही सांगा, सगळे त्यालाच धरून उचलतात.